सत्ताधारी बाकावरचं माझं भाषण

संसदेत बाके वाजायला लागली की मी बसलेली असले तरी उठून उभी राहते. टीव्हीवर अधिवेशन चालू असतं, कुणीतरी मंत्री बोलत असतो, एक तळहात बाकावर आपटतो, मग शेजारचा, मग रांगच्या रांग सुरू होते, आणि मला बसवत नाही. बरोबरचं माणूस विचारतं, काय झालं? काही नाही, पाणी प्यायचंय, म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच उभी राहते. कामगारांच्या नव्या कायद्यांवरून भांडण अजून मिटलेलं नाही, त्यामुळे असं वरचेवर होतं. याचं कारण सांगायचं तर आधी आमचा कारखाना सांगावा लागेल.

‘आमचा’ ही नुसती बोलायची सवय. कारखाना मालकाचा, माझे वडील तिथं मागावर कामाला. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे. वडलांना नान्ना म्हणायचं, आईला अम्मा, आणि तो मला बिड्डा म्हणायचा, म्हणजे लेकरू. या लिखाणात ते दोघं मराठी बोलतील, त्याला माझा नाइलाज आहे. अम्मा घरी बिड्या वळायची. नान्ना टॉवेलच्या मागावर. पत्र्याची लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना मागांच्या ओळी, आणि दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा स्वतःचा आवाज हरवतो. तोंड हलतंय एवढंच आपल्याला कळतं. लहानपणी डबा द्यायला गेले की मला ते फार आवडायचं. मी तिथं उभी राहून मालकाला मोठ्यानं शिव्या द्यायची आणि कुणाला काही कळायचं नाही. एकदा नान्नाला कळल्या, कारण तो ओठ वाचायचा.

तिथं सगळेच ओठ वाचायचे. तंबाखू आहे का, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलव, सूत तुटतंय, अमक्याच्या पोरीचं लग्न ठरलं, हे सगळं बोलणं ओठांवर आणि बोटांवर चालायचं. त्यात थट्टामस्करी चालायची, भांडणंसुद्धा व्हायची. त्या खडखडाटात इतकी वर्षं गेल्यावर नान्नाचे कान जवळजवळ गेलेच होते, पण कारखान्यात त्यावाचून काही अडत नव्हतं. अडायचं ते घरी. जेवताना हनुवटी वर करून म्हणायचा, ‘तोंड इकडं कर की.’ भांडण झालं की मी मुद्दाम पाठ करून बोलायची. अशा वेळी तो ताट सरकवून उठायचा आणि अम्मा मला लाटणं दाखवायची.

एकच गोष्ट कारखान्यात हात आपटून सांगितली जायची. कुणाचा हात किंवा कुणाचा पदर पट्ट्यात सापडला, की ज्याच्या नजरेला पडेल त्यानं आपल्या मागाच्या चौकटीवर जोरजोरात तळहात आपटायचा. आवाज कुणालाच ऐकू जात नाही, पण वरखाली होणारा हात दिसतो. शेजारच्यानं बघितलं की त्यानंही आपटायचं, मग त्याच्या शेजारच्यानं. असं ओळीओळीनं ते विजेच्या बोर्डापर्यंत पोचतं आणि बोर्डाजवळचा माणूस मेन स्विच खाली ओढतो. कोण, काय, कुठं, हे विचारायचं नाही. आधी मेन. नान्नाचा माग बोर्डाला लागून होता. एका बाईची बोटं त्याच्यामुळे वाचली होती आणि ती बाई दर दिवाळीला आमच्याकडे फराळाचा डबा घेऊन यायची. नान्ना तिच्यासमोर लाजून आत जाऊन बसायचा.

तर मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते, राज्यशास्त्र घेऊन. आमच्या सरांना शांत बसलेला वर्ग सहन व्हायचा नाही. संस्थानांचं विलीनीकरण शिकवायचं तर फळ्यावर नकाशा काढून मोकळे होतील की नाही? नाही. त्यांनी प्रत्येक बाक एक संस्थान केलं, स्वतः दिल्लीचे प्रतिनिधी झाले आणि एकेका बाकापुढं जाऊन म्हणाले, ‘सही करा.’ माझी मैत्रीण अक्कलकोटची, तिथल्या पेठेत त्यांचं किराणा दुकान. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि तोंड दोन्हींकडं सुटलेलं. तिनं बाकावर हात पसरून सांगितलं, ‘आगंगिल्ल, सर. होणार न्हाई म्हणजे न्हाई. आमचं अक्कलकोट तुमाला काय म्हणून द्यायचं?’ सर म्हणाले, बाकीचे सगळे आलेत, तुम्ही एकटे राहून करणार काय? ती म्हणाली, ‘त्याचा इचार आमी करतो की, तुमी पुढच्या बाकावर जावा.’ तास संपला तरी अक्कलकोट भारतात आलं नव्हतं. सर खूश होऊन हसत होते, मला मात्र तिचा हेवा वाटत होता. नाही म्हणणं इतकं सोपं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर अभिरूप संसदेची स्पर्धा आली. कॉलेजच्याच सभागृहात लोकसभा भरवायची, बाहेरून परीक्षक येणार. विषय सरांनी निवडला कामगार कायद्याचा. संपावर जायचं तर मालकाला आधी लेखी नोटीस द्यायची आणि मध्ये ठरलेले दिवस जाऊ द्यायचे, या कलमावर चर्चा. तयारीच्या पहिल्याच तासाला माझं डोकं फिरलं. सर सांगत होते, ‘संघटना करायचा हक्क मूलभूत आहे, घटनेत लिहिलेला आहे. संप करायचा हक्क मात्र मूलभूत नाही.’

‘मग संघटना करून काय भजन म्हणायचं?’ मी विचारलं.

‘हे सभागृहात विचार,’ सर म्हणाले. ‘इथं विचारून काय उपयोग?’

मला तेव्हाच ठरवून टाकावंसं वाटलं की विरोधी पक्षनेती मीच. पण सरांच्या वर्गात बाजू चिठ्ठीनं मिळायची. माझ्या चिठ्ठीत निघालं ‘कामगार मंत्री’. विरोधी पक्षनेता निघाली अक्कलकोटची. दुकानदाराची मुलगी कामगारांची बाजू मांडणार आणि मागवाल्याची मुलगी सरकारची. मी तिच्याशी चिठ्ठी बदलायला गेले तर सरांनी दोघींना दारातच गाठलं. ‘बदलाबदली चालणार नाही. जे वाटतं ते कुणीही बोलतं. जे वाटत नाही ते पटवून दाखवा.’ त्या दिवशी मी रागानं चालत घरी आले, बसचे पैसे होते तरी.

नेमकं त्याच आठवड्यात भिवंडीहून स्थळ आलं. आमच्या समाजातली बरीच घरं तिकडं मागाच्याच धंद्यात आहेत. मावशीनं आणलेलं स्थळ, मुलाचे स्वतःचे माग, माणसं गोड बोलणारी, मुलगासुद्धा बरा. खोट काढायला जागाच नव्हती, हीच पंचाईत. मला पुण्याला कायद्याला जायचं होतं. प्रवेश परीक्षा मी देऊन ठेवली होती, गुण चांगले पडले होते, वसतिगृहाची चौकशीही झाली होती. अम्मा म्हणत होती, आलेलं परत पाठवू नये. नान्ना काहीच म्हणत नव्हता. भिवंडीची माणसं दर दोन दिवसांनी फोन करत होती आणि अम्मा ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणत होती. मला घरात बसवत नव्हतं. मी दिवसातून दहा वेळा गच्चीवर जायची, खाली यायची, पाणी भरलेल्या पिंपाचं झाकण काढून बघायची, परत लावायची.

शेवटी मीच नान्नासमोर जाऊन बसले आणि तोंड त्याच्याकडं करून सगळं सांगितलं. पुणं, कायदा, वसतिगृह. त्यानं शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाला, ‘तुमच्या त्या सभेला मी येतो. तू काय करतीस ते बघतो. मग भिवंडीला काय ते सांगू.’

‘कळणार आहे का तुम्हाला?’ अम्मा त्याला म्हणाली. तो तिच्याकडं बघत नव्हता, त्यामुळे उत्तर आलं नाही.

म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका भाषणावर. आणि भाषण कुठलं, तर कामगारांनी मुकाट्यानं नोटीस देऊन थांबावं हे सांगणारं. तो बाजूला बसून बघणार, मी सरकारच्या बाजूनं बोलणार. हे त्याला आधी सांगावं असं मनात आलं होतं. पण सांगितलं आणि तो आलाच नाही तर? मी गप्प राहिले आणि जीव तोडून तयारीला लागले. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींना अध्यक्ष महोदय म्हणून हाक मारत भाषण पाठ केलं. शेजारणीनं अम्माला विचारलं, पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना?

स्पर्धेच्या दिवशी दुपारी सभागृह भरलं होतं. समोरासमोर बाके मांडलेली, मध्ये उंच खुर्चीवर अध्यक्ष म्हणून सर, अंगात कुठूनसा आणलेला काळा कोट. उजेड कमी-जास्त होऊ नये म्हणून खिडक्यांचे जाड पडदे ओढलेले आणि वरचे दिवे लावलेले. पालक मागच्या खुर्च्यांवर. नान्ना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. मी त्याला पुढं बसायला खुणावलं, म्हणजे ओठ दिसतील. त्यानं मान हलवली आणि भिंतीकडेच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसला. तिथून मी त्याला दिसत होते, पण एवढ्या लांबून ओठ वाचता येत नाहीत हे मला माहीत होतं. मला तेव्हा हायसं वाटलं, आणि वाटलं याचा रागही आला.

त्या खुर्चीच्या मागं भिंतीवर सभागृहाचा बोर्ड होता. जन्मभर ज्याची पाठ बोर्डाला होती तो माणूस कुठं बसणार?

माझी वेळ आली. उभी राहिले. मी म्हणाले, ‘अध्यक्ष महोदय, हे सरकार संपाच्या विरोधात नाही. सरकार एवढंच म्हणतंय की आधी सांगा. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी बाई कामाला जात नाही, घागरी मांडून नळापाशी बसते. नेमकं त्याच दिवशी पाणी सोडणाऱ्यानं न सांगता काम बंद ठेवलं, तर त्या बाईनं कुणाकडं जायचं? कामगाराला हक्क आहे, मान्य. त्या बाईला नाही? तिचा हक्क कुठल्या कलमात शोधायचा, हे विरोधी पक्षानं मला सांगावं.’

सोलापुरात पाण्यावर बोललं की मुडदासुद्धा उठून बसेल. परीक्षकांनी माना वर केल्या. माझ्या बाजूच्या पहिल्या बाकावरच्या मुलानं तळहात आपटला. मग त्याच्या शेजारचीनं, मग मागच्या रांगेनं. सगळा सत्ताधारी पक्ष बाके वाजवायला लागला. विरोधी बाकावरच्या दोघातिघांनी विसरून हात आपटले. मला इतका आनंद झाला होता की मी हसू दाबून उभी होते. खोटं बोलतेय असं मला एक क्षणभरही वाटलं नाही, हे खरं सांगते.

आणि सगळं बंद पडलं. दिवे गेले, पंखे गेले, माइक गेला. जाड पडद्यांमुळे मिट्ट अंधार झाला. त्या अंधारात, ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्यांचा असतो तसल्या चढ्या आवाजात नान्ना ओरडला, ‘कोण सापडलं? अरे, हात कुणाचा सापडला?’

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं. हात आपटले जाताना त्यानं बघितले, ओळीनं पुढं सरकताना बघितले, आणि मेन ओढला. दुसरं तो काय करणार? तो अंधारात खुर्च्या ढकलत पुढं येत होता, परत परत तेच विचारत होता. कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडला. शिपाईमामा धावत बोर्डाकडं जाता जाता नान्नावर ओरडले, ‘काय करालाव ओ मामा? मेन कशाला वढलाव? कार्यक्रम चालू हाय न्हवं!’ दिवे आले तेव्हा नान्ना दोन्ही पक्षांच्या मधोमध उभा होता आणि बाकांवरचे एकेक हात बघत होता. सगळे हात धड होते.

मग हसणं सुरू झालं. आधी मागून, मग सगळीकडून. परीक्षकसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसत होते. नान्नाला हसणं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला शरम वाटली. त्याची वाटली, आणि हसणाऱ्यांचा असा संताप आला की हातातला कागद चुरगळला गेला. मी त्याला कारखान्यातल्यासारखं हातानं खुणावलं, कुणी नाही, कुणी सापडलं नाही. त्यानं मान डोलावली, शर्ट ओढून सारखा केला आणि सरळ दारातून बाहेर निघून गेला.

सरांनी खुर्चीवरून घोषणा केली, ‘सन्माननीय सदस्यांनी कृपया बाके वाजवू नयेत.’ त्यावर आणखी हशा झाला. मी उरलेलं भाषण पूर्ण केलं. मला पाठ होतं म्हणून झालं. सत्ताधारी बाकावरची मुलं हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बसली होती. अक्कलकोटची बोलायला उठली, छान बोलली, पण पाण्याच्या मुद्द्याला तिनं हात लावला नाही. बक्षीस मला मिळालं, उत्कृष्ट मंत्री म्हणून. फोटो काढताना सर म्हणाले, ‘बघ, चिठ्ठी बदलली नाही ते बरं झालं ना?’ फोटो झाल्या झाल्या मी चषक काखेत मारला आणि घरची वाट धरली.

घरी आले तर नान्ना नव्हता. कॉलेजातून तो परस्पर कारखान्यात गेला होता. अम्मानं चषक कपाटावर ठेवला आणि विचारलं, ‘हे काय म्हणाले?’ मी म्हणाले, काही नाही. अम्मा म्हणाली, भिवंडीचा फोन आला होता, उद्या नक्की सांगते म्हणालेय.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. नान्ना सकाळभर सायकल उघडून साफ करत बसला. सायकल चांगली होती. मी दारातून आत, आतून दारात. त्याच्याशी बोलायचं तर समोर जाऊन बसायला हवं आणि माझी हिंमत होत नव्हती. काल सगळ्यांसमोर त्याचं हसं झालं, तेही माझ्यापायी, आता कसलं पुणं? मी मनातल्या मनात भिवंडीची तयारी करायला लागले होते. तिथं समुद्र जवळ आहे का, असलं काहीतरी डोक्यात येत होतं. अम्मा सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती आणि घड्याळाकडं बघत होती.

दुपारी जेवण झाल्यावर नान्नानं हात धुतले, माझ्यासमोर येऊन मांडी घातली आणि हनुवटी वर केली. ‘काल काय बोलत होतीस ते बोल. माझ्याकडं तोंड करून. हळू.’

‘आता कशाला?’

‘लोकांनी बाके वाजवली म्हणं. ते चांगलं असतंय म्हणं तिथं. शिपाई सांगत होता बाहेर. बोल की.’

मी बोलले. घरात, तेलुगूत, अध्यक्ष महोदय गाळून. सरकार संपाच्या विरोधात नाही, आधी सांगा एवढंच. नळापाशी बसलेली बाई. पाणी सोडणारा. तिचा हक्क कुठं? तो माझ्या ओठांवरून डोळे काढत नव्हता. अम्माचे हात बिडीवर थांबले होते. ती पाण्याच्या ठिकाणी ‘खरं की’ असं पुटपुटली. बोलणं संपलं.

‘पटलं,’ तो म्हणाला. ‘मला पटलं ते.’

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. माझ्याच बापानं माझ्यासमोर मान्य केलं की थांबायचं तर आधी मालकाला विचारायला हवं. मी गडबडीनं म्हणाले, ‘नान्ना, ते खरं नाही. ती चिठ्ठी निघाली होती. मला तसं वाटत नाही.’

‘मग तुला वाटतंय ते बोल.’

मी बोलायला लागले. नोटीस दिली की मालकाला वेळ मिळतो, म्हणाले. तो माल हलवतो, बाहेरची माणसं आणतो, पुढं झालेल्याला काढतो, आणि संपाच्या दिवशी संपच उरत नाही.

‘बरोबर हाय,’ नान्ना म्हणाला. ‘पण मग त्या नळाजवळच्या बाईचं काय?’

माझीच बाई माझ्या आडवी आली. मी म्हणाले, ती बाई वेगळी. तो म्हणाला, वेगळी कशी? तुझी अम्मा पण बसती नळाजवळ. मग एकदम काल घडलेलं आठवलं आणि वाटलं, सापडलं! मी म्हणाले, ‘तुम्ही काल मेन ओढलात तेव्हा नोटीस दिली होती का? कुणाचा हात सापडला तर आधी मालकाला लिहून कळवायचं का?’

मला वाटलं मी जिंकले. नान्ना जरा हसला. मग हसू गेलं.

‘हात सापडलेला दिसतो की, बिड्डा. दिसला की मेन ओढायचा. त्यात सांगण्यासारखं काय आहे? शेंबडं पोर पण ओढेल.’ त्यानं स्वतःच्या कानाला बोट लावलं. ‘हे कधी गेले सांग. कुठल्या दिवशी गेले? त्या दिवशी कुणी आपटायचं होतं, मेन कुणी ओढायचा होता? आणि कुणाला नोटीस द्यायची होती?’

पाठ केलेली कलमं मी एकेक करून त्या दिवसाला लावून बघितली, एकही बसेना.

‘मला माहीत हाय ते बरोबर नव्हतं,’ तो म्हणाला. ‘कुणीतरी थांबवायला पाहिजे होतं. पण का आणि कसं, ते मला सांगता येत नाही. तू सांग म्हटलं तर तुला पण येत नाही. दुसऱ्याच्या बाजूचं मात्र फाडफाड येतंय. हे कुठं शिकवतात?’

‘पुण्याला,’ मी म्हणाले. खरं तर शिकवतात की नाही हे मला ठाऊक नव्हतं.

‘मग जा.’

अम्मानं सूप खाली ठेवलं. ‘आणि भिवंडी?’ तिनं विचारलं. नान्नाला दिसलं नव्हतं, म्हणून मला तिचा प्रश्न त्याच्याकडं तोंड करून पुन्हा विचारावा लागला. आणि भिवंडी?

‘मला फोनवर ऐकू येत नाही,’ तो म्हणाला. ‘तूच सांग. बक्षीस मिळालंय की बोलायचं.’

अम्मानं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. नान्ना समोर बसून माझ्या ओठांकडं बघत होता. पलीकडून त्या बाईंनी फार प्रेमानं विचारलं, काय ठरलं मग? काय बोलावं, कुठून सुरुवात करावी, त्यांचं मन कसं राखावं, काही म्हणता काही आठवेना. मी उभी राहिले आणि ‘नाही’ म्हणाले. त्यांना नीट ऐकू गेलं नसावं. ‘काय म्हणालीस?’ त्या म्हणाल्या, म्हणून मला ते पुन्हा म्हणावं लागलं, जरा मोठ्यानं.